डाव्या हाताकडे बघ

४ फेब्रुवारी

ढब्बू,

तुझा फोन लागत नाही असं म्हणवत नाही. लागतो, तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून शेवटी कागद घेतला. आई म्हणते, तू हातानं लिहिलेलं काही फेकत नाहीस, शाळेत असताना मी तुला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा अजून तुझ्या खणात आहे. खरंखोटं तुम्हा दोघांना ठाऊक.

दीड वर्षानंतरचं पहिलं पत्र, तेव्हा आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी. पण मी दमलेय रे. सकाळपासून दुर्बिणीच्या खोलीत होते. पोटाची तपासणी करायला एक माणूस आडवा होतो, मी त्याला भूल देऊन झोपवते, तो उठतो, की दुसरा तयार. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि घरी येऊन आपण छताकडे बघत पडायचं, असा माझा धंदा झालाय. तर सरळ मुद्द्यावर येते.

काल आईचा फोन आला. स्वारी खुशीत होती. "अगं, ढब्बू माझे चार दात काढणारेय, आणि मला काही कळणारसुद्धा नाही. ते तुझं पांढरं औषध देणारेय, शिरेतून."

तुझं पांढरं औषध! मी जणू घरी बनवून बरण्या भरून ठेवते.

मी विचारलं, देणार कोण? "कोण म्हणजे? तोच. हल्ली तो स्वतःच देतो. तुझ्यावाचून काही अडलं नाही हो त्याचं." हे शेवटचं तिनं मुद्दाम टाकलं, मला झोंबावं म्हणून. झोंबलंही. पण मी पुढचं विचारलं, मग दात कोण काढणार? तर म्हणाली, "अगं तोच की. दोन हात आहेत त्याला."

ढब्बू, दोन हात आहेत हाच तर सगळा घोळ आहे. दात काढताना तुझे दोन्ही हात तिच्या तोंडात असणार. रक्त तिथंच, पाणी तिथंच, कापूस तिथंच, आणि श्वासाचा रस्ताही तोच. त्या वेळी तिच्या श्वासाकडे कोण बघणार? ती रिसेप्शनवरची मुलगी?

आणि एक. आई म्हणाली, दवाखान्याच्या फ्रिजमध्ये त्या औषधाची अर्धी बाटली असते, वर चिकटपट्टी लावून ठेवलेली, पुढच्या पेशंटसाठी. हे खरं असेल तर आजच ओतून टाक. ते दुधासारखं दिसतं कारण त्यात तेल आहे, आणि दुधासारखंच नासतं, फक्त वास येत नाही. एकदा फोडलेली बाटली काही तासांत संपवायची नाहीतर फेकायची. आत जंतू वाढलेले तुला डोळ्यांना दिसणार नाहीत, ज्याच्या शिरेत जातील त्याला मात्र ताप भरेल.

बाकी भांडण आपलं आपल्याजवळ राहू दे. तेवढं आईला देऊ नकोस. एवढंच मागते.

ताई

१३ फेब्रुवारी

ढब्बू,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. तरी लिहिलंस, बरं वाटलं.

तू लिहितोस, "तुझ्याकडूनच शिकलो. दर गुरुवारी तू यायचीस, तुझ्या शेजारी उभा राहून पाहिलंय. किती, कसं, किती हळू, सगळं. तू गेल्यापासून मी एकट्यानं केले तेवढे पेशंट हसत घरी गेले. एकालाही काही झालं नाही."

हसत गेले ते खरं. हे औषध तसंच आहे. मीसुद्धा त्याच्या प्रेमात आहे म्हण ना. पटकन झोप लागते, पटकन जाग येते, मळमळ नाही, डोकं जड नाही. मागच्या आठवड्यात एक आजोबा डोळे उघडून मला म्हणाले, "बाई, अजून पाच मिनिटं झोपवा की, बायको बाहेर बसलीय." माणसं इतकी ताजी होऊन उठतात की आपणही फसतो. आपल्याला वाटतं, एवढं सोज्वळ औषध कुणाचं काय वाकडं करणार?

पण पोस्टमन विसरलास? मी नाही विसरले. खाली मुंडी घालून यायचा, टोपी मांडीवर ठेवायचा. तू म्हणालास, ताई अजून थोडं दे, हलतोय, दोन दाढा राहिल्यात. तो हलत होता कारण त्याला दुखत होतं. हे औषध दुखणं थांबवत नाही, दुखलं हे लक्षात राहू देत नाही, एवढंच. हिरडीत बधीर करणारी आणखी एक सुई द्यायची होती, ती तू दिली नाहीस. मी अगदी थोडं वाढवलं आणि त्याचा श्वास थांबला.

बोटाच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा तेव्हाही छान होता, हे तू त्या दिवशी चारचौघांत मला दाखवलंस. नाकाशी ऑक्सिजनची नळी असली की तो आकडा बराच वेळ तसाच राहतो. श्वास आधी थांबतो, आकडा मागाहून पडतो. आकडा पडेपर्यंत बसलो असतो तर टोपी तिथंच राहिली असती. मी "हात काढ" म्हणून ओरडले, तुझे हात बाजूला केले, जबडा वर उचलला, पिशवीनं श्वास दिला. तो आला परत. तू त्याला म्हणालास, "छान झोप लागली होती तुम्हाला." आणि मला आत नेऊन म्हणालास, "माझ्याच दवाखान्यात, माझ्याच माणसांसमोर माझ्यावर ओरडायचं नाही."

मी म्हटलं होतं, श्वास मोजणारं यंत्र घे आणि फक्त पेशंटकडे बघणारा एक शिकलेला माणूस ठेव, तोवर मी येणार नाही. तुला वाटलं, मी रुसले. रुसले नव्हते. घाबरले होते.

आता मुख्य गोष्ट. श्वास थांबला हे मला कसं कळलं, असा प्रश्न तुला कधी पडला? तू लिहितोस, सगळं पाहिलंय. तू माझा उजवा हात पाहिलास, ढब्बू. सुई उजव्या हातात असते, म्हणून सगळे उजव्याच हाताकडे बघतात. माझा डावा हात त्या वेळी पोस्टमनच्या हनुवटीखाली होता. करंगळी जबड्याच्या कोनामागे, तळहात नाकासमोर. प्रत्येक श्वासाची ऊब तळहाताला लागते. ती लागेनाशी झाली की यंत्राला विचारायची गरज पडत नाही. दर गुरुवारी, प्रत्येक पेशंटला, तो हात तिथंच असायचा. दिसायला रिकामा. तू शिकलास ते अर्धंच काम आहे, आणि ते सोपं अर्धं आहे.

तुझ्या पेशंटांना काही झालं नाही हे त्यांचं नशीब. या औषधाला उतारा नाही. काही औषधांना असतो, दुसरी सुई दिली की माणूस जागा. याला नाही. जास्त झालं तर ते आपोआप उतरेपर्यंत कुणीतरी त्या माणसासाठी श्वास घेत राहायचं, दुसरा उपाय नाही. तुझ्याकडे कोण घेणार?

उत्तर लिही. फोन केलास तरी चालेल.

ताई

२१ फेब्रुवारी

ढब्बू,

उत्तर नाही. आई सांगते की तारीख ठरली, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. "त्यानं तुझी पत्रं वाचली, पण तोंडातून शब्द काढत नाही," म्हणते. आणि "तू उगाच त्याच्या मागे लागू नकोस, पोरगं कष्ट करतंय." पोरगं! पोरग्याच्या डोक्यावर टक्कल पडलंय.

आज मी आईला दिलेला शब्द मोडणार आहे. मला फार जड जातंय, पण तुझ्या गप्प बसण्याचा मला कंटाळा आलाय आणि आईच्या लपवाछपवीचाही. तुम्हा दोघांमध्ये उभं राहून राहून माझा जीव मेटाकुटीला आलाय.

तू दवाखान्यात प्रत्येक नव्या माणसाला बसवून विचारतोस: जिना चढताना दम लागतो का, छातीत दुखतं का, कधी चक्कर आली का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मी पाहिलंय, नीट विचारतोस, कंटाळा करत नाहीस. आईला विचारलंस? खरं सांग. नाही विचारलंस. आईला काय विचारायचं, आई तर रोज समोर असते. तिची रक्तदाबाची गोळी तूच आणून देतोस, म्हणजे सगळं माहीतच आहे, असं धरून चाललास.

आईच्या हृदयाची एक झडप अरुंद झालीय. दिवाणखान्यात उभ्या उभ्या तिला अंधारी आली होती, तेव्हा ती शेजारणीला घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी सांगितलं, सध्या ऑपरेशन नको, जपून राहा. तिनं मला फोनवर सांगितलं आणि शपथ घातली. "ढब्बूला कळलं तर तो हात लावणार नाही, मोठ्या हॉस्पिटलात धाडेल. तिथं मला कोण ओळखतं? मी तोंड उघडणार नाही दुसऱ्या कुणासमोर." मला वाटलं, दातांचा विषय आहे, सुई देऊन एकेक काढशील, सवडीनं सांगू. पांढऱ्या औषधाचं तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

तुला हे पुस्तकातून माहीत असेल, तरी लिहिते. हे औषध शिरा सैल करतं, रक्तदाब खाली येतो. तुझ्यामाझ्यासारख्यांचं हृदय जोर लावून सावरून घेतं. आईच्या हृदयाला जोर लावायला वाटच अरुंद आहे. एकदा दाब पडला तर तो वर आणणं मलाही, सगळी सामग्री हाताशी असताना, सोपं नाही. मी पोस्टमनला दिलं तेवढं तिला दिलंस, अरे, त्याच्या निम्मं दिलंस, तरी ती खुर्चीतून उठेलच असं मी सांगू शकत नाही.

हे वाचून तू तिच्यावर चिडशील. चिडू नकोस. तिला तुझ्याशिवाय कुणी नको आहे, एवढाच तिचा गुन्हा.

ताई

२८ फेब्रुवारी

ढब्बू,

काल तुझा आवाज ऐकला. तू रडत होतास की सर्दी झाली होती ते विचारलं नाही. दोन वाक्यं बोललास आणि फोन ठेवलास, म्हणून उत्तर कागदावर.

तू म्हणालास, "तू ये. तूच दे. तू असलीस तर मी देऊ देतो. दुसरं कोणी आईलाही चालणार नाही."

येते. पण देणार नाही.

राग नाही, हट्ट नाही. आम्हा भूल देणाऱ्यांत सख्ख्या माणसाला भूल द्यायची नाही असा दंडक आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. हात थरथरतो म्हणून असं लोकांना वाटतं. हात नाही थरथरत. आमच्या इथल्या एका डॉक्टरबाईंनी कौतुकानं आपल्या भावाला भूल दिली होती, साधं हाताच्या हाडाचं काम होतं. उपाशी आहेस ना, हा प्रश्न दिवसातून इतक्यांदा विचारतो की झोपेतही येईल. भावाला विचारलाच नाही. भावाला काय विचारायचं? त्यानं सकाळी पोटभर खाल्लं होतं. झोपेत उलटी झाली, छातीत गेली, कित्येक दिवस तो हॉस्पिटलात पडून होता. वाचला. पण बाई अजून त्याच्या घरी जेवायला बसल्या की घास अडकतो म्हणतात.

तू आईला प्रश्न विचारले नाहीस तेही यातलंच. तू वाईट डॉक्टर नाहीस रे. मुलगा आहेस, म्हणून चुकलास. मीही मुलगीच आहे. तिला माझ्या हातानं झोपवलं तर मला एकीकडे तिचा श्वास दिसेल आणि दुसरीकडे ती मला शाळेत सोडायला यायची ते दिसेल. अशा डोळ्यांनी आकडे वाचता येत नाहीत.

आणि तिच्या झडपेला ते औषध मी काय, कुणीही तुझ्या दवाखान्यात देऊ नये. चारही दात एकदम काढायचे म्हणून झोपवायचं. एकदम कशाला? दोन आत्ता, दोन मागाहून. हिरडीत सुई देऊन जागेपणी. हृदयाच्या डॉक्टरांशी मी बोलले, त्यांची हरकत नाही. सुईतलं औषध किती आणि कुठलं चालेल ते त्यांनी सांगितलंय, सोबत लिहून पाठवते.

तू म्हणशील, ती तोंड उघडणार नाही. मला माहीत आहे. तरुणपणी कुणीतरी बधीर न करता तिची दाढ उपटली होती, तेव्हापासून ती हसतानासुद्धा तोंडावर हात धरते. लहानपणी तू तिला चावायचास, आता ती तुला चावेल, फिटंफाट होईल. पण बघू. मी तिच्या उशाशी बसेन. सुई हातात घेणार नाही, तिच्याजवळ बसेन फक्त.

रजा मागितलीय. आमचे मोठे सर म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा रजेचं कारण दात लिहिलंय कुणी." मंजूर झाली.

ताई

११ मार्च

ढब्बू,

पोचले नीट. पाय सुजलेत, पण ते नेहमीचंच. जाताना तू स्टेशनापर्यंत आलास आणि आपण हवापाण्याच्या गप्पा मारल्या. दोघेही ठोंबेच. तेव्हा बोलायचं राहिलं ते लिहिते.

तू सगळा वेळ तिच्या तोंडात बघत होतास. दिवा तिथं, आरसा तिथं, तुझं डोकं तिथं. त्यामुळे तुला जे दिसलं नसेल ते सांगायला हवं.

ती खुर्चीवर बसली तेव्हा तिनं दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे असे पकडले होते की बोटं पांढरी पडली होती. तू सुई दाखवली नाहीस, पाठीमागून आणलीस, छान केलंस. तिनं ओठ घट्ट मिटले. तू म्हणालास, "आई, आ कर." तिनं मान हलवली. परत म्हणालास. परत मान. तुझ्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता हा कंटाळून म्हणतोय की झोपवूया. तू तसं म्हणाला नाहीस. हातातली सुई खाली ठेवलीस आणि थांबलास. मी तुला इतकी वर्षं ओळखते, पण तू थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तेव्हा माझा हात तिच्या हनुवटीखाली गेला. मी ठरवून नाही ठेवला. सवयीनं गेला, डावा, करंगळी जबड्यामागे, तळहात नाकासमोर. द्यायचं औषध नाही, मोजायचा श्वास नाही, तरी गेला. आणि मला तिचा श्वास लागला. घाबरलेल्या माणसाचा छोटा छोटा श्वास. तिनं डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. तू मास्क लावला होतास, तिला तुझे फक्त डोळे दिसले असतील. आणि ती काहीतरी पुटपुटली. तू विचारलंस, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "काही नाही, तयार आहे." खोटं बोलले. मला तेव्हा सांगवत नव्हतं.

ती म्हणाली, "दोघं आहात ना? मग ओढ."

आणि तिनं आ केला.

पुढचं तुला ठाऊक आहे. हिरडी बधीर झाली का ते तू तीनतीनदा टोचून पाहिलंस, घाई केली नाहीस. पहिला दात निघाला तेव्हा तिला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्याला कळ आली, तू लगेच थांबून पुन्हा सुई दिलीस. माझ्या तळहातावर तिचा श्वास मोठा होत गेला, शेवटी शेवटी तर ती कंटाळल्यासारखी सुस्कारे सोडत होती. कापूस दाबून बसली असताना ती बोटानं तुला बोलावत होती, आठवतं? तुला वाटलं, दुखतंय. तिला दात बघायचे होते. बघून नाक मुरडलंन. एवढ्याशासाठी एवढं, असं तिच्या तोंडावर होतं.

संध्याकाळी तू स्वतःहून फ्रिज उघडलास. न फोडलेल्या बाटल्या माझ्या पिशवीत घातल्यास. उघडी होती ती बेसिनमध्ये ओतलीस आणि पाणी सोडून बराच वेळ बघत उभा राहिलास. त्या बाटल्या आमच्या औषधखोलीत जमा केल्या. तिथं त्या कामाला येतील. औषध वाईट नाही, ढब्बू. एकटं द्यायचं औषध नाही ते.

स्टेशनावर गाडी हलता हलता तू विचारलंस, "परत गुरुवारी येशील?" आणि मी ऐकू न आल्यासारखं केलं. ऐकू आलं होतं. उत्तर असं की नाही येणार. मी थकलेय. एवढ्या लांबून आता माझ्यानं होत नाही, आणि तुझ्या खुर्चीशी उभी राहिले की मी बहीणच होते, ते कामाचं नाही. आईचे राहिलेले दोन दात काढायच्या दिवशी येईन, तेही तिच्या उशाशी बसायला. जेवायला येईन. भांडायलासुद्धा येईन. भूल द्यायला दुसरं माणूस शोध. तुझ्या पोस्टमनसारखे घाबरणारे पुष्कळ आहेत, त्यांना त्या औषधाची खरंच गरज आहे, आणि ते द्यायला शिकलेली माणसंही आहेत. श्वासाचं यंत्र तू मागवलंस असं आई म्हणाली. मला सांगितलं नाहीस, पण आईच्या पोटात काही राहत नाही, स्वतःच्या झडपेशिवाय.

जो कोणी येईल त्याला फार प्रश्न विचारू नकोस. पहिल्या पेशंटला उभा राहून नुसतं बघ. सुईकडे नको, ती सगळ्यांनाच येते. डाव्या हाताकडे बघ. तो पेशंटच्या जबड्याखाली नसेल, तर पेशंटला खुर्चीवरून उठव आणि घरी पाठव.

ताई